नागपूरकरांसाठी: जुनी फायबरग्लासची शिडाची बोट कशी पारखावी आणि दुरून कशी सांभाळावी

नागपुरात राहून समुद्रावर शिडाची बोट बाळगता येते. मात्र ती निवडताना मुंबईत किंवा अलिबागला राहणाऱ्या माणसापेक्षा वेगळी कसोटी लावावी लागते. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर संपल्यावरही बंदर गाठायला आणखी वेळ लागतो, आणि विदर्भ एक्सप्रेसने जायचे म्हटले तरी एक अख्खी रात्र गाडीत जाते. नोकरी किंवा धंदा सांभाळून असा प्रवास महिन्यातून एखाद्या वेळीच जमणार, म्हणजे बोट उरलेले सगळे दिवस मालकाविना पाण्यावर उभी राहणार. म्हणून बोट किती वेगाने पळते किंवा आत किती माणसे झोपतात, या प्रश्नांआधी ती आपल्या गैरहजेरीत सुखरूप राहील का, हा प्रश्न विचारावा. या लेखातील प्रत्येक सूचना त्याच प्रश्नातून आलेली आहे.

कोणती बोट पाहावी

किनाऱ्याकिनाऱ्याने, घाई न करता, दिवसा चालून संध्याकाळी खाडीत नांगर टाकण्यासाठी २४ ते २८ फुटांची बोट पुरेशी असते. तिच्यावर दोघांना सगळी कामे करता येतात, दोन-तीन माणसांना झोपता येते आणि तिचे एकेक शीड एका माणसाला उचलता येते. फायबरग्लासच्या क्रूझिंग बोटी मोठ्या संख्येने बनू लागल्या त्या १९५९ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात पिअरसन कंपनीची ट्रायटन ही २८ फुटी बोट आल्यानंतर. पुढे स्वीडनमध्ये १९६५ ते १९७९ या काळात अल्बिन वेगा, आणि इंग्लंडमध्ये १९६९ ते १९८० या काळात वेस्टर्ली सेंटॉर अशा बोटी हजारोंनी तयार झाल्या. त्यांतल्या कित्येक आजही पाण्यावर आहेत. काचेचा धागा आणि पॉलिएस्टर रेझिन यांचा थर लाकडासारखा कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही, आणि त्या काळातील कारागीर हल, म्हणजे बोटीचे बाहेरचे कवच, हाताने आणि सढळपणे जाड घालत असत. पन्नास वर्षांच्या बोटीत हल शाबूत आणि त्याला जोडलेल्या वस्तू थकलेल्या, असे चित्र वारंवार दिसते, आणि जुनी बोट पारखण्याचे निम्मे शहाणपण यातच आहे.

हीच नावे आपल्याकडे विक्रीला मिळतील असे नाही. भारतात जुन्या शिडाच्या बोटींचा बाजार लहान आहे. मुंबई, गोवा आणि कोची येथे अधूनमधून एखादी बोट विकायला निघते. म्हणून नावामागे न लागता घडण पाहावी. कोकणातल्या खाड्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे असतात आणि ओहोटीला आत गाळ उघडा पडतो, त्यामुळे पाण्याखालची खोली, म्हणजे ड्राफ्ट, सव्वा मीटरच्या आत असलेली बरी. सेंटॉरसारखी दोन कील, म्हणजे तळाखाली उतरलेली वजनदार पाती, असलेली बोट ओहोटीला गाळात सरळ उभी राहते आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर काढल्यावर तिला फारसे टेकूही लागत नाहीत. वाऱ्याविरुद्ध चढताना ती एका खोल कीलच्या बोटीपेक्षा मागे पडते, हे खरे आहे. तरीही दूर राहणाऱ्या मालकाने हा तोटा आनंदाने पत्करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. चाकाऐवजी सरळ दांड्याचे सुकाणू घ्यावे, कारण त्यात बिघडण्यासारखे जवळजवळ काहीच नसते. पुढचे शीड गुंडाळून ठेवण्याची सोय असेल तर दोन माणसांचे काम पुष्कळ हलके होते.

पाहणी: हातोडी, बॅटरी आणि दिवसभराची फुरसत

बोट पाण्यात असताना सौदा ठरवू नये. ती पाण्याबाहेर काढून दाखवावी, ही अट पहिल्या बोलण्यातच घालावी आणि बाहेर काढण्याचा खर्च आपण देऊ, असे सांगावे. विकणाऱ्याने एवढ्यावरही टाळाटाळ केली तर परतीच्या गाडीचे तिकीट काढावे.

प्रथम पाण्याखालचा भाग पाहावा. बोट वर आल्यावर लगेच, पृष्ठभाग ओला असतानाच, तिरक्या उजेडात बॅटरी धरून पाहिले की फोड दिसतात. हलवरच्या जेलकोटमधून, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत थरातून, पाण्याचे सूक्ष्म कण आत झिरपतात, थरातील विरघळणारे घटक त्यात उतरतात, आणि त्या आम्लधर्मी द्रवाच्या दाबाने पृष्ठभाग फुगतो. याला ऑस्मोसिस म्हणतात. फोड फोडला तर चिकट तपकिरी पाणी निघते आणि त्याला व्हिनेगरसारखा वास येतो. आपल्या समुद्राचे पाणी कोमट असल्याने ही क्रिया थंड देशांपेक्षा इथे लवकर घडते. पसरट, उथळ, रुपयाएवढे थोडे फोड दिसले म्हणून बोट टाकून देऊ नये. ते तासून, वाळवून, इपॉक्सी रेझिनने भरता येतात आणि भाव कमी करून घ्यायला उपयोगी पडतात. मात्र फोडाच्या तळाशी काचेचे धागे मोकळे सुटून उचकटत असतील तर दोष खोल गेला आहे, असे समजावे.

मग कीलचा जोड तपासावा. कील बोल्टांनी बसवलेली असेल तर तिच्या आणि हलच्या सांध्यावर, विशेषतः पुढच्या टोकाला, भेग दिसते का आणि तिथून तांबूस पाणी ओघळते का, ते पाहावे. आत जाऊन बोल्टांची डोकी खरवडून पाहावीत. वरून फुगलेला गंज आतल्या बारीक झालेल्या बोल्टाची खूण असू शकते. सुकाणूच्या पात्याच्या तळाशी बोट पाण्याबाहेर आल्यानंतर तासाभरानेही थेंब गळत असतील तर पात्याच्या पोटात पाणी साठले आहे आणि आतील स्टीलची पट्टी गंजण्याच्या वाटेवर आहे.

डेक हा जुन्या बोटीचा सर्वांत महागडा दोष लपवणारा भाग असतो. बहुतेक बोटींत डेकच्या दोन फायबर थरांमध्ये बाल्सा लाकूड किंवा प्लायवूड भरलेले असते, आणि वर्षानुवर्षे सैल झालेल्या स्क्रूंच्या भोकांतून पाणी उतरून ते लाकूड सडते. यासाठी प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर उलटा धरून वीतभर अंतराने डेक ठोकत जावे. भरीव जागी आवाज टणक आणि स्वच्छ येतो, सडलेल्या जागी तो बद्द येतो. ज्यांनी नागपूरच्या उन्हाळ्याआधी फायबरच्या कूलरचा तळ ठोकून पाहिला आहे, त्यांचा कान या कामाला आधीच तयार आहे. बद्द आवाजाच्या प्रत्येक जागेभोवती खडूने रेघ ओढावी. दिवसाअखेर डेकवर खडूच्या रेघांचा नकाशा तयार होतो आणि बोलणी त्याच नकाशासमोर बसून करावीत. एक-दोन हातभर जागा दुरुस्त होतात. डोलकाठीच्या पायथ्यापासून दोन्ही बाजूंना पसरलेली सडण मात्र घेऊ नये.

डोलकाठी डेकवरच उभी असेल तर तिच्या बरोबर खाली केबिनमध्ये एक खांब किंवा पडदी असते. तिथल्या संडासाचे दार उघडून-लावून पाहावे. दार चौकटीत वरच्या बाजूला अडकत असेल, किंवा अडकते म्हणून कुणीतरी ते रंध्याने तासलेले दिसत असेल, तर डोलकाठीच्या दाबाने डेक खाली बसला आहे. इतकी मोठी गोष्ट इतक्या साध्या खुणेवरून कळते, म्हणून हे दार मी कधीही चुकवू नका, असे सांगेन.

डोलकाठीला ताणून धरणाऱ्या स्टीलच्या तारा दिसायला चकचकीत असल्या तरी त्यांचे वय विचारावे. दहा ते पंधरा वर्षांनी त्या बदलाव्यात, असा सर्वमान्य संकेत आहे, कारण तार जिथे टोकाच्या दाबलेल्या नळीत शिरते तिथे हवेअभावी स्टेनलेस स्टीलही आतून खाल्ले जाते आणि बाहेर काही दिसत नाही. जुने कापड तारेवरून फिरवावे. तुटलेला एखादा धागा असेल तर कापड अडकते. या तारा हलला जिथे जोडतात त्या पट्ट्यांच्या मागे, केबिनच्या आत, लाकडावर तपकिरी ओघळ आहेत का, तेही बघावे.

हलमधून आरपार गेलेला प्रत्येक कॉक, म्हणजे पाण्याची तोटी, हाताने उघडून-बंद करून पाहावा. साधे पितळ खाऱ्या पाण्यात जस्त गमावते, त्याचा रंग गुलाबीसर होतो आणि ते ठिसूळ बनते. म्हणून कॉक ब्राँझचे किंवा समुद्री वापराच्या नायलॉनचेच असावेत. पाण्याखाली अर्ध्या मीटरवर एक इंचाचे भोक पडले तर मिनिटाला ५० लिटरांहून अधिक, म्हणजे तासाला सुमारे ३,००० लिटर पाणी आत येते, आणि लहान बोटींवर बसवलेला नेहमीचा बिल्ज पंप, म्हणजे बोटीच्या तळात साठलेले पाणी उपसणारा पंप, तासाला सुमारे २,००० लिटरच फेकतो. त्यामुळे चालत्या पंपाच्या भरवशावर कोणी राहू नये. मालक नागपूरला आणि बोट समुद्रात असताना बंद केलेला, नीट बसणारा कॉक हाच खरा राखणदार आहे. प्रत्येक कॉकजवळ त्याच मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवावी.

इंजिन पाहायला जाण्याआधी ते चालू करू नका, असे मालकाला कळवावे आणि पोहोचताच इंजिनच्या अंगावर हात ठेवावा. गरम लागले तर ते थंड असताना सुरू व्हायला कुरकुरते, असे गृहीत धरावे. सुरू झाल्यावर काळा धूर राहिला तर हवा कमी पडते आहे किंवा भार जास्त आहे, निळा राहिला तर ऑइल जळते आहे, आणि ऑइलची काडी दुधाळ निघाली तर पाणी ऑइलमध्ये शिरले आहे. एक-दोन सिलिंडरचे जुने डिझेल इंजिन दुरुस्त करणारे हात कोकणातल्या प्रत्येक मासेमारी बंदरावर मिळतात, त्यामुळे इंजिनच्या वयाला फार घाबरू नये. सुटे भाग मिळतात का, एवढे आधी विचारून घ्यावे.

शिडांबाबत एकच परीक्षा पुरेशी आहे. कापडाआधी शिलाईचा दोरा उन्हाने मरतो, म्हणून शिलाईवर नख घासावे. दोरा तुटून भुगा होत असेल तर सगळी शिलाई नव्याने करावी लागेल. कापड हातात चुरगळल्यावर कागदासारखे फाटले तर शीड संपले.

कागदपत्रे

नोंदणीचे प्रमाणपत्र, आधीच्या प्रत्येक विक्रीचा कागद, आणि बोट परदेशातून आली असेल तर सीमाशुल्क भरल्याचा पुरावा, हे मूळ स्वरूपात पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. परदेशी प्रवासी बोट घेऊन येतात आणि इथेच सोडून जातात. अशा बोटीवरचे न भरलेले शुल्क बोटीच्या किमतीला भारी पडू शकते. ती जिथे उभी राहणार आहे त्या जागेची परवानगी महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाच्या स्थानिक बंदर कार्यालयात आधी विचारावी. खरेदीइतकीच रक्कम पहिल्या दोन वर्षांच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढून ठेवणे मला शहाणपणाचे वाटते.

मालक नागपुरात, बोट समुद्रात

बोटीवर लक्ष ठेवायला किनाऱ्यावरचा माणूस हवा, आणि तो स्वतः समुद्रावर जाणारा असावा. त्याला महिन्याचा ठरलेला मेहनताना द्यावा आणि काम शब्दांत नेमके सांगावे: आठवड्यातून एकदा बोटीवर जायचे, बिल्ज उघडून आतल्या पाण्याचा फोटो पाठवायचा, मुरिंगचा, म्हणजे बोट पाण्यात बांधून ठेवण्याचा, दोर बोटीला जिथे घासतो तिथे हात फिरवून त्याचाही फोटो पाठवायचा, आणि बॅटरीचा व्होल्ट वाचायचा. बारा व्होल्टची बॅटरी विश्रांतीच्या स्थितीत १२.४ च्या खाली सतत दिसू लागली तर सौर पॅनल मळले आहे किंवा पंप वरचेवर चालतो आहे. पंप वरचेवर चालतो याचा अर्थ पाणी कुठूनतरी येते आहे, आणि मग पुढच्या रजेची वाट न पाहता गाडी पकडावी. मुरिंगच्या दोराला घासण्याच्या जागी जाड पाइपचे आवरण चढवावे. वादळात बोटी किनाऱ्यावर आदळतात त्यामागे बहुधा हाच एक घासलेला दोर असतो.

मेच्या पहिल्या पंधरवड्यातच बोट बाहेर काढावी. महिनाअखेरीस वारा चढतो आणि समुद्र उसळू लागतो. उधाणाच्या भरतीला उताऱ्यावर घेतली तर ती उंच जागी बसते, म्हणून तारीख ठरवताना पौर्णिमा-अमावास्या पाहावी.

नागपूरचा उन्हाळा कामाला लावणे

नागपूरकराला एक मोठी सोय आहे आणि ती त्याने पुरेपूर वापरावी. कोकणात वर्षभर हवेत ओल असते. आपल्याकडे मेमध्ये हवा कोरडी ठणठणीत असते. ओले झालेले सुकाणू, हॅचची झाकणे, केबिनच्या फळ्या, गाद्या आणि शिडे हे सगळे मेच्या पहिल्या पंधरवड्यात घरी आणावे. सुकाणूच्या तळाशी लहान भोके पाडून ते सावलीत उभे ठेवले तर पाऊस सुरू होईपर्यंत ते जसे सुकते तसे किनाऱ्यावर सुकत नाही. सुकण्याची खात्री वजनाने करावी: दर आठवड्याला काट्यावर ठेवावे, आणि आकडा उतरायचा थांबला की भोके भरायला घ्यावीत. शिडे गोड्या पाण्याने धुऊन गच्चीवर वाळवावीत, पण सूर्यास्तानंतर, कारण दुपारचे ऊन त्यांचे आयुष्य खाते.

रेझिनचे काम मात्र उन्हाळ्यात जपून करावे. तापमान १० अंशांनी वाढले की इपॉक्सी घट्ट होण्याचा वेळ साधारण निम्मा होतो. २५ अंशांवर जे मिश्रण वीस मिनिटे टिकते ते ४५ अंशांवर पाच मिनिटांत डब्यातच धूर सोडू लागते. म्हणून सावकाश घट्ट होणारा हार्डनर घ्यावा, पहाटे काम करावे, थोडे-थोडे कालवावे आणि कालवल्याबरोबर उथळ ताटलीत पसरावे. पाण्याखालच्या भागाला पॉलिएस्टर वापरू नये. जुन्या थरावर इपॉक्सीची पकड कितीतरी चांगली बसते. वरच्या किरकोळ कामाला पॉलिएस्टर वापरायचे असेल तर दुकानात रेझिनसोबत कोबाल्टचा ॲक्सिलरेटर आणि कॅटॅलिस्ट अशा दोन वेगळ्या बाटल्या मिळतात. त्या दोन बाटल्यांतील द्रव एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, कारण त्याने स्फोट होतो. ॲक्सिलरेटर आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावा आणि मगच शेकडा एक ते दोन या प्रमाणात कॅटॅलिस्ट घालावा. हे हाताला बसावे म्हणून पाण्याच्या टाक्या किंवा कूलरचे फायबरचे सांगाडे बनवणाऱ्या एखाद्या कारागिराकडे काही दिवस उभे राहून शिकावे. मॅटमधली, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या चटईतली, हवा रोलरने कशी काढायची, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. हलच्या किंवा डेकच्या मोठ्या दुरुस्तीसाठी मात्र गोव्याकडे पाहावे. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये जिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती म्हादेई गोव्यातच बांधली गेली, आणि ते कौशल्य आजही तिथे आहे.

पहिला हंगाम

नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ देऊन बाहेर पडतात. हौशी माणसाने ऑक्टोबरपर्यंत थांबावे. त्यानंतरच्या महिन्यांत कोकणचा किनारा अत्यंत सौजन्याने वागतो. पहाटे जमिनीवरून मतलई वारा वाहतो, सकाळी उशिरा तो पडतो, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा भरतो. मुंबईहून दक्षिणेला निघालेल्या बोटीला दुपारचा वारा पाठीमागून मिळतो, परतीला तोच तोंडावर येतो. म्हणून परतीचे टप्पे लहान ठेवावेत आणि पहाटेच्या वाऱ्यावर निघावे. २७ फुटी जुनी बोट तासाला सरासरी ४ सागरी मैल चालते असे धरावे. सहा तासांचे चोवीस मैल म्हणजे सुमारे ४४ किलोमीटर, आणि दिवसाला एवढेच ठरवावे. मुंबईहून मांडवा, मग रेवदंडा, मग मुरूड आणि राजपुरीच्या खाडीत दिघी, हा पहिल्या हंगामाला शोभणारा मार्ग आहे. पुढे जयगड आणि विजयदुर्ग हे उत्तम आसरे आहेत, पण ते दुसऱ्या वर्षासाठी ठेवावेत.

खाडीत शिरताना नेहमी चढती भरती धरावी, म्हणजे बोट वाळूत रुतली तरी पाणीच तिला उचलते. मुंबईत उधाणाला पाण्याची पातळी ५ मीटरपर्यंत वरखाली होते, आणि नांगराचा हिशेब करताना नवशिके हेच विसरतात. ओहोटीला ४ मीटर पाणी असेल, भरती ३ मीटर चढणार असेल आणि बोटीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, पाण्यापासून १ मीटर उंच असेल, तर बेरीज ८ होते. साखळी असेल तर तिच्या पाचपट, म्हणजे ४० मीटर सोडावी, दोर असेल तर सातपट. डेहराडूनच्या राष्ट्रीय जलमापन कार्यालयाचे नकाशे आणि भरतीची कोष्टके बोटीवर छापील स्वरूपात असावीत, आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज निघण्याच्या आदल्या रात्री व त्या सकाळी, दोन्ही वेळा पाहावा. रात्री चालू नये: किनाऱ्याजवळ रोवलेल्या डोलजाळ्यांचे खांब आणि दिव्याविना तरंगणारी जाळी अंधारात दिसत नाहीत, आणि जाळे पंख्यात अडकले तर कोळ्याचेही नुकसान होते.

लाइफजॅकेट डेकवर पाऊल ठेवतानाच अंगावर असावे. व्हीएचएफ रेडिओ संच १६ क्रमांकाच्या वाहिनीवर चालू ठेवावा. निघताना कोणत्या खाडीत किती वाजेपर्यंत पोहोचणार, हे किनाऱ्यावरच्या आपल्या माणसाला आणि नागपुरातल्या घरी, दोघांनाही लिहून पाठवावे, आणि ठरलेल्या वेळेनंतर दोन तासांत निरोप आला नाही तर तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर फोन करायचा, हेही त्याच चिठ्ठीत लिहावे.